गुरुजींचा दात कुणी पाडला?

मित्रांनो, जवळ या, पण आधी माझ्या काचेवर जरा फुंकर घाला. धूळ बसलीय. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. काशीत, पंचगंगा घाटावरून वर येणाऱ्या एका गल्लीत दातांचा दवाखाना आहे, तिथे हातमोज्यांच्या खोक्यामागे मी उभा असतो. उभा म्हणायचं एवढंच. माझा मोठा स्क्रू झिजलाय, त्यामुळे नळी वर चढवली की ती आपोआप खाली सरकते. बघणाऱ्याला एका हाताने मला धरून ठेवावं लागतं.

मी थकलोय. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला थकवा? पण पंचेचाळीस वर्षं एका डोळ्याने बघत राहा, मग सांगा. त्यातून मला शेवटी जे बघावं लागलं, ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हा सगळा खटाटोप.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे माझ्यासारखे शेकड्याने घडायचे. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं घासली, उजेडाकडे धरून पाहिली आणि मान हलवली. तेवढंच माझं बारसं. मग गवताच्या पेटीतून आगगाडीने मी बनारसला आलो, एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. कांद्याचा पापुद्रा, बेडकाचं रक्त, पावाची बुरशी, हेच वर्षानुवर्षं. दर वर्षी नवी मुलं यायची आणि दर वर्षी त्यातलं एखादं नळी खाली फिरवत फिरवत थेट काचेत घुसवायचं. माझ्या मोठ्या भिंगावर जो चरा आहे, तो तसलाच. परीक्षेच्या दिवसांत मात्र माझा तोरा असे. बाहेरून आलेले परीक्षक म्हणायचे, "यही वाला दीजिए, इसमें साफ़ दिखता है." ते ऐकलं की मला बरं वाटायचं.

पुढे विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले. मी आरशावर उजेड घेणारा, आभाळ आलं की आंधळा. मला कपाटावर टाकलं. बारा वर्षं मी तिथे होतो. गरज सरो, वैद्य मरो, हे तुम्ही वहीत लिहिता, मी ते कपाटावर बसून शिकलो. त्या प्रयोगशाळेत काशीनाथ नावाचे एक सहायक होते. घरी मराठी, बाहेर बनारसी, तोंडात कायम पान. तेच कधी तरी स्टुलावर चढून मला पुसायचे. ते निवृत्त झाले त्या वर्षी निकामी सामानाचा लिलाव झाला आणि त्यांनी मला सोडवून घरी आणलं. घरी मी टीव्हीशेजारी शोभेला होतो. तेही बरं होतं, खरं सांगायचं तर.

काशीनाथरावांची मुलगी देवयानी दातांची डॉक्टर झाली. तिने गल्लीत दवाखाना काढला आणि एक दिवस मला उचलून तिथे नेलं. म्हणाली, "बाबा, याला मी कामाला लावते. घरात बेकार पडलाय."

ती हुशार आहे. काळ्या कागदाची रुपयाएवढी चकती कापून तिने माझ्या खालच्या भिंगाखाली बसवली. त्यामुळे मधला उजेड अडतो आणि फक्त कडेचा तिरका आत येतो. मग काळोखी पार्श्वभूमीवर जिवंत जंतू चमकताना दिसतात. हिरडीच्या कडेचं किंचित किटण बारीक सळईने खरवडायचं, खारट पाण्याच्या थेंबात कालवायचं, वर पातळ काच ठेवायची. निरोगी तोंडात गोल गोल ठिपके बसून असतात, बिचारे गरीब. दुखऱ्या हिरडीतल्या थेंबात मात्र जत्रा. काड्या पळताहेत, मळसूत्रासारखे लांब जंतू वळवळताहेत. ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, त्याला देवयानी ते दाखवायची. बघणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि तो त्याच संध्याकाळी नवा ब्रश घ्यायचा. त्या दिवसांत माझं पुन्हा कौतुक झालं. म्हातारपणी मिळालेलं कौतुक फार गोड लागतं, आणि त्यानेच घात होतो.

दवाखान्याच्या वरच्या दालनात देवयानीचे काका राहतात. ढुंढिराज गुरुजी, काशीनाथरावांचे धाकटे भाऊ, वय साठ. वेदपाठी. सकाळ-संध्याकाळ वर संथा चाले. गुरुजी एकदा म्हणत, शिष्य दोनदा म्हणत. पुस्तक कुणाच्याच हातात नाही. गुरूच्या तोंडून जसा अक्षराचा उच्चार येईल तसाच शिष्याच्या तोंडी बसायचा, अशी ती रीत. माझ्या डोक्यावर छत, छतावर ते सूर. काम नसलं की मी ते ऐकत असे. मला त्यातलं काही कळत नाही, पण गुरुजींचं अक्षर कधी पुसट आलं नाही, एवढं मला कळायचं.

त्या वर्षी चैत्रात गुरुजी जिना उतरून दवाखान्यात आले. त्यांचा वरचा, समोरचा एक दात हलत होता. त्यांची एक मोठी इच्छा होती. कार्तिकात, घाटावर, महिनाभर वेदाचं पूर्ण पारायण करायचं. त्यांच्या वडिलांनी ते केलं होतं. त्यासाठी गुरुजी तीन वर्षं तयारी करत होते. आणि समोरचा दात गेला तर त, थ, द, ध, स या अक्षरांना जीभ नीट टेकणार कुठे? काकू, म्हणजे गीताकाकू, सोबत आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "देवयानी, बाकीचे दात गेले तरी चालतील गं. हा एक राहू दे कार्तिकापर्यंत."

देवयानीने तपासलं. हिरडी दाताला सोडून खोल सरकली होती, आतलं हाड झिजलं होतं. रक्तातली साखरही वाढलेली निघाली. तिने गुरुजींना माझ्यापाशी बसवलं आणि त्यांच्याच तोंडातली जत्रा दाखवली.

"हे बघा काका. ये सब तुमच्या हिरडीत आहेत. यांच्यामुळे दात हलतोय."

गुरुजींनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "दिसतात खरे. पण यांच्यामुळेच हलतोय कशावरून?"

"म्हणजे?"

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. किंवा फांदी आधी मोडलीय आणि कावळे मागून आलेत. हिरडी दुखरी झाली म्हणून हे तिथे घर करून बसले असतील. तू चोर सोडून संन्याशाला फाशी देशील." मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, "दोन गोष्टी दाखव. हे असले की रोग असतो, हा अन्वय. हे नसले की रोग नसतो, हा व्यतिरेक. दोन्ही जमलं तर कारण सिद्ध झालं. मग तू सांगशील ते करतो."

मित्रांनो, म्हातारा हट्टी होता, पण मुद्दा सोडून बोलला नव्हता. मी आयुष्यभर दाखवलंय, सिद्ध काही केलेलं नाही. माझ्या काचेखाली जे येतं ते मी दाखवतो. ते तिथे का आलं, आधी आलं की नंतर, हे मला कुणी विचारू नये.

देवयानी चिडली. तिने तिथल्या तिथे वडिलांना बोलावलं. काशीनाथराव पान थुंकून आले. सत्तरी उलटलेली, दातांवर किटणाचे थर, हिरड्या लाल. त्यांच्या थेंबातही तेच वळवळणारे जंतू निघाले, कदाचित जास्तच. आणि दात? एकही हलत नव्हता. काशीनाथरावांनी खिशातून अख्खी सुपारी काढून सगळ्यांसमोर फोडून दाखवली.

"माझं बिलकुल ठीक आहे," ते म्हणाले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

गुरुजी हसले. "बघ. जंतू आहेत आणि दात पडत नाही. तुझा अन्वय गेला."

"बाबांची हिरडी तरी लालच आहे ना!" देवयानी म्हणाली. "आणि तुम्हाला साखर आहे, त्यांना नाही. हर एक का शरीर अलग होता है."

"मग साखर कारण म्हण."

असा वाद आषाढापर्यंत चालला. त्यात गुरुजींचा दात तसाच हलत होता. शेवटी गीताकाकूंनीच निकाल लावला. म्हणाल्या, "तुमचं सिद्ध होईतो दात हातात येईल. आधी साफ करून घ्या, वाद मग घाला." गुरुजींनी ऐकलं. देवयानीने हिरडीखालचं किटण खरवडून काढलं, रोज दोनदा दात घासायला लावले, मोठ्या डॉक्टरांकडून साखरेवरची गोळी सुरू करवली. दोन महिन्यांत हिरडी गुलाबी झाली. दात हलायचा जवळजवळ थांबला. माझ्या काचेखाली गोल ठिपके बसलेले, जत्रा उठलेली. वर पारायणाची उजळणी जोरात सुरू झाली. तेव्हा देवयानी कुणावर रागावत नसे, आणि मलाही पुसून ठेवायची.

मग भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला. पितृपक्ष.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. जुन्या रीतीत श्राद्धाच्या दिवशी दात घासायचे नसतात. दातणाची काडी नाही, ब्रश नाही. बारा चुळा भरायच्या, झालं. जो श्राद्ध करतो त्याला हा नियम, आणि ज्याला श्राद्धाला जेवायला बोलावतात त्या ब्राह्मणालाही. गुरुजींना पक्षात रोज कुठे ना कुठे आमंत्रण. आज अमृतराव घाटावर, उद्या दुर्गाघाटावर, परवा कुणा यात्रेकरूकडे. म्हणजे सलग पंधरा-सोळा दिवस फक्त चुळा. आणि रोज खीर आणि वडे.

तिसऱ्या दिवशी गुरुजी तपासणीला आले. देवयानीने तोंड उघडायला लावलं आणि थबकली. दातांवर पांढुरका थर होता.

"काका, ब्रश करत नाही का?"

"पक्ष चालू आहे ना. बारा चुळा भरतो."

 देवयानीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. परीक्षेत पेपर सोपा निघाला की मुलं अशी बघतात.

ती पुस्तकं वाचलेली मुलगी. फार वर्षांपूर्वी परदेशात एका डॉक्टरांनी निरोगी तरुणांना तीन आठवडे दात घासायचं थांबवायला सांगितलं होतं, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांच्या हिरड्या लाल झाल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. ते तिने गुरुजींना सांगितलंही होतं. गुरुजी म्हणाले होते, "ते तिकडचे. इथे दाखव." आणि आता इथे, तिच्या दारात, कुणालाही काही न सांगता माणसं आपणहून थांबली होती.

तिने आमंत्रणाला जाणाऱ्या आणखी पाच गुरुजींना तयार केलं. "फक्त रोज एकदा तोंड दाखवून जा," म्हणाली. चांगल्या दातांची, धडधाकट माणसं. ते यायचे, ती हिरडीच्या कडेचं किटण घ्यायची आणि मला कामाला लावायची. रोज. सकाळचा उजेड चांगला म्हणून सकाळी. माझी नळी खाली सरकायची, ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने टिपणं घ्यायची. चौथ्या दिवशी गोल ठिपके वाढले. सहाव्या दिवशी काड्या आल्या. दहाव्या दिवशी मळसूत्रं वळवळायला लागली आणि सहाच्या सहा जणांच्या हिरड्या लाल झाल्या. आधी जंतू वाढले, मग लाली आली. फांदी मोडण्याआधी कावळे बसताना मी पाहिले.

तिला आनंद झाला होता. तिने वडिलांना सांगितलं. 

"ढुंढूच्या दाताचं काय?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे त्यांना थांबायला सांगितलंय, बाबा? ते स्वतःच थांबलेत. धर्माचं आहे, मी काय बोलणार? मी फक्त बघतेय."

फक्त बघतेय. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडलो असतो. फक्त बघणं हा माझा धर्म आहे, कारण मी लोखंड आणि काच आहे. माणसाला ती सोय नाही. अकराव्या दिवशी गुरुजींच्या त्या दाताजवळ सूज आली. तिने औषध दिलं. पण तोंड कसं स्वच्छ ठेवायचं, यावर तिने एक शब्द काढला नाही. चारच दिवस उरले होते आणि टिपणांची वही भरत आली होती.

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी गुरुजी जिन्याने वर न जाता दवाखान्यात आले. अंगावर सोवळं, कपाळावर गंध तसंच. खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी देवयानीचा हात पुढे घेतला आणि तळहातावर दात ठेवला.

श्राद्धाच्या पानावर मौन असतं. वडा चावताना दात निघून आला होता. उठता येत नाही, बोलता येत नाही, पानात थुंकणं तर दूरच. गुरुजींनी तो गालात धरून ठेवला होता. सगळं जेवण होईपर्यंत, दक्षिणा आणि आशीर्वाद होईपर्यंत. मग गल्ल्यांतून चालत आले.

देवयानी रडायला लागली. रडत रडतच तिने सगळं सांगितलं. वही दाखवली. सहा माणसं, तेरा दिवस, आकडे. गुरुजींनी वही हातात घेतली आणि पान न पान वाचलं. गीताकाकू दारात येऊन उभ्या होत्या.

"तुला कधी कळलं?" गुरुजींनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं नसतं, काका. नियम आहे ना तुमचा."

"नियम काडीचा आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्याने जास्तच वाईट वाटलं. "काष्ठ वर्ज्य. आंब्याच्या पानानं दात पुसायला शास्त्रानं मनाई केलेली नाही. अमावास्या आणि एकादशी सोडली तर बाकी दिवस पान चालतं. बोटाला मीठ लावून हिरडी चोळली असती तरी कोण काय म्हणणार होतं? तू विचारलंच नाहीस, बेटा."

 देवयानी म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं. आणि मला पानानं पुसायचं सुचलं नाही, कारण मी इतके दिवस तुझं म्हणणं खोडण्यात गुंतलो होतो." गुरुजींनी वही मिटली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?"

मग ते जायला निघाले आणि दारात थांबले. "अन्वय सिद्ध झाला," ते म्हणाले. त्यातल्या 'सि'मधून हवा निसटली. त्यांना ते ऐकू आलं. मलाही आलं. गीताकाकूंनी पदराने डोळे पुसले.

इतर पाच जणांनी दुसऱ्या दिवसापासून दात घासायला सुरुवात केली. दहा-बारा दिवसांत त्यांच्या हिरड्या जशाच्या तशा झाल्या. एकाचाही दात हलला नाही. तेव्हा मी जे पाहिलं ते नीट सांगतो, कारण पुढे लोक याचं भलतंच काही तरी करतात. जंतू साठले की हिरडी सुजते, हे मी डोळ्याने पाहिलं. पण सुजलेल्या प्रत्येक हिरडीतला दात पडत नाही. गुरुजींचं हाड आधीच झिजलेलं होतं, साखर होती, रोजची खीर होती. काशीनाथरावांकडे जंतू जास्त होते आणि ते आजही सुपारी फोडतात. कुणाचं शरीर जंतूंशी कसं भांडतं, ते माझ्या काचेखाली येत नाही. कारण एकच नसतं कधी कधी. पण त्यातलं एक कारण रोज सकाळी हाताने पुसून टाकता येण्यासारखं होतं.

देवयानीने गुरुजींना नवा दात बसवून दिला. इतका बेमालूम की काकूंनाही फरक कळेना. बोलणंही साफ यायचं. पण गुरुजींनी पारायणाचा संकल्प सोडला आणि संथा देणंही थांबवलं. देवयानीने विनवलं, "काका, किसी को पता नहीं चलेगा." ते म्हणाले, "माझ्या कानाला कळतं ना. मी चुकीचं दिलं तर पोरं जन्मभर चुकीचं म्हणतील आणि त्यांची पोरंही." त्यांनी शिष्यांना विष्णूकडे सोपवलं. विष्णू हा त्यांचा पहिला शिष्य, आता चाळिशीचा आहे. तो वरच्याच दालनात संथा देऊ लागला. छतावरून सूर येत राहिले, पण मी ऐकायचा तो आवाज त्यात नव्हता.

ती वही देवयानीने कुठेही छापायला पाठवली नाही. कपाटात टाकली आणि मलाही कपड्यात गुंडाळून खोक्यामागे ठेवलं. वर्षभर तिने मला हात लावला नाही. मी तिला दोष देत नाही. माझ्याकडे पाहिलं की तिला काय आठवत असेल ते मला समजतं.

पुढच्या भाद्रपदात मला बाहेर काढलं ते गुरुजींनी. स्वतः उचलून टेबलावर ठेवलं आणि देवयानीला म्हणाले, "व्यतिरेक राहिलाय."

"मला आता काही सिद्ध करायचं नाही, काका."

"मला करायचंय."

ते दोघं पक्षाच्या आधी आठ दिवस घाटावर फिरले. पंचगंगा, दुर्गाघाट, अमृतराव, पार मुन्शी घाटापर्यंत. गुरुजी प्रत्येक वेदपाठकाला विचारत, "तुमच्याकडे काय चालतं? पान चालेल? मीठ?" कुणी म्हणालं पान, कुणी म्हणालं नुसतं बोट, कुणी ओल्या फडक्याला तयार झालं. दोघांनी नाही म्हटलं आणि गुरुजींनी त्यांना आग्रह केला नाही. देवयानीने सगळ्यांना आंब्याच्या पानाच्या शिरेने दातांची कड कशी पुसायची ते शिकवलं. ज्यांच्या दातांत आधीच दुखणं होतं त्यांना पक्षाआधी उपचार दिले. आणि या वेळी कुणाची हिरडी लाल दिसली, तर ती वहीत लिहायच्या आधी त्याला सांगायची.

बारा माणसं तयार झाली. तीच श्राद्धं, तीच खीर, तेच दिवस. एकाही काडीला हात न लावता. अमावास्येनंतर मी शेवटचा थेंब पाहिला. गोल ठिपके बसून होते. जत्रा भरलीच नव्हती. बारापैकी दहांच्या हिरड्या गुलाबी राहिल्या, दोघांच्या जराशा लाल झाल्या तेव्हा देवयानीने त्यांना लगेच सांगितलं होतं. गुरुजींनी माझ्यात डोकावून पाहिलं, माझी सरकणारी नळी त्यांनी स्वतः धरून ठेवली होती.

"आता पूर्ण झालं," ते म्हणाले. 'सिद्ध' हा शब्द त्यांनी वापरला नाही. तो ते आता टाळतात.

या कार्तिकात पारायण झालं. विष्णूने केलं. घाट माझ्यापासून लांब, पण त्याआधी महिनाभर त्याची उजळणी वर चालायची आणि गुरुजी समोर बसलेले असायचे. छतातून मला दिसत नाही. काकूंनी देवयानीला सांगितलं म्हणून मला कळलं. विष्णूचं कुठे चुकलं की गुरुजी बोट वर करतात. विष्णू थांबतो, मागे जातो, पुन्हा म्हणतो. बरोबर आलं की बोट खाली. एका शब्दाने ते सांगत नाहीत. एकदा एका जागी विष्णू चार वेळा अडला, त्याला ते अक्षर सापडेचना, तरी गुरुजी बोट वर धरून तसेच बसून राहिले. काकू म्हणाल्या, "हात भरून आला असेल गं त्यांचा. एकदा म्हणून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?" 

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेनसं वाटत नाही. स्क्रू पार गेलाय आणि तसलं सुटं सामान कुठे मिळत नाही म्हणतात. मला कुणी दुरुस्त करा असं मी मागत नाही. माझं मागणं वेगळं आहे. दात रोज घासा, आणि घासता येत नसतील अशा दिवशी काय करता येईल ते मोठ्यांना विचारून ठेवा. हिरडीतून रक्त आलं तर कारण पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन डॉक्टर झालं, माझ्यासारख्याच कुणाच्या डोळ्याला डोळा लावून बसलं, आणि काचेखाली काही वाईट वाढताना दिसलं, तर आधी मान वर करा. ज्याचा थेंब आहे तो माणूस समोर बसलेला असतो. त्याला सांगा.